लंकाबाईचा अंगठा

लग्नाला दीड महिना झाला होता. सासरी मी अजून बोलण्यापेक्षा ऐकण्याच्याच कामाची. लाईट गेली की मामंजी ओट्यावर येऊन बसत आणि धाकटा दीर करण त्यांना बोलतं करी.

“वाल्मिकचं सांगतो,” मामंजी म्हणाले. “आपलं दूध न्यायला येतो त्यो. पौषातल्या अवसेची रात. लेकीच्या लग्नाच्या पत्रिका आणाया राहुरीला गेल्ता, जुनी जीप घेऊन.

त्या जीपच्या फ्यूजला कळंक चढायचा. पितळी पत्त्या, हिरव्यागार. खड्डा आला की दिवे गुल. त्याची बायको लंकाबाई. तिनं एकदा देवाची भांडी घासावी तशा त्या पत्त्या चिंचेनं घासल्या. धुवायच्या राहिल्या. दुप्पट कळकल्या. वाल्मिक कायम चिडवायचा, ‘लंके, तुझ्या चिंचेनं गाडी खाल्ली.’ मग ती शेजारी बसायची, अन् दिवे गेले की फ्यूज अंगठ्यानं दाबून धरायची. घर येस्तोवर.”

“त्या रात्री पण?” करणनं विचारलं.

“त्या रात्री कुठली... दिवाळीतच गेली ती.”

करण जवळ सरकला.

“सोनईच्या पुढं दिवे गेले. काळाकुट्ट अंधार. वाल्मिकच्या तोंडून सवयीनं निघालं, ‘दाब की गं.’

दिवे लागले.

म्होरं उसाची ट्रॉली. उभी.

ब्रेक दाबला. हातभर अंतर राहिलं...

शेजारी बांगडी वाजली.

त्यानं तिकडं बघितलं न्हाई.”

“भ्याले?”

“व्हय. बघितलं अन् नसली तर...”

मामंजी तंबाखू मळू लागले.

“समोर बघतच बोलत राहिला. आपल्या लेकीचं, दिशाचं जमलं. पोरगं चांगलं हाय. पत्रिकेत तुझं नाव घातलंय... नावाच्या आधी काय छापलंय, ते न्हाई सांगितलं.

दारात जीप थांबली, मग वळला. कुणी न्हाई. पत्त्या सोन्यावानी. ह्या बारीला धुतल्या हुत्या. पाणी निथळत हुतं.

तवापासून दिवे गेलेच न्हाईत. रोज रातच्याला त्याच रस्त्यानं जातो येडा. कळंक चढायची वाट बघतो.”

सकाळी वाल्मिककाका दूध न्यायला आले. मी चहा दिला आणि न राहवून जीपमध्ये डोकावले. पत्रा गंजलेला, दार तारेनं बांधलेलं. किटल्या सगळ्या मागं दाटीवाटीनं. शेजारची सीट मोकळी.

डॅशबोर्डखाली पत्त्या लखलखत होत्या.

बोट लावलं. ओलं झालं.