पलीकडून हलणारा पदर

शनिवार, ९ डिसेंबर १९८९. सकाळी दाट धुकं, नंतर कोवळं ऊन. वारा अजिबात नाही.

आम्ही दोघं पहिल्या एस्टीने लाखांदूरला निघालो. आमचे हे, म्हणजे चिंधू, वैनगंगेच्या घाटावर डोंगा चालवायचे. पोळ्यानंतरच्या पुरात डोंगा उलटला आणि आमच्याच गावची रुखमा बुडाली. माहेराहून घरी येत होती बिचारी. हे पोहून निघाले, पण तेव्हापासून नदीकडे तोंड करून बसेनात. डोळा लागला की ओरडत उठायचे. असंच राहिलं तर घाटाचा ठेका दुसऱ्याकडे जाणार होता, आणि दुसरं काम यांना येत नव्हतं.

एस्टीत शेजारच्या तुलारामने टोमणा मारलाच. "काय चिंधूभाऊ, नावाडी माणूस अन् एस्टीनं जाऊन राहिला?"

"काहून? तुह्या बापाची हाये का एस्टी?"

कितीतरी दिवसांनी यांच्या तोंडून असं काही निघालं. मला बरं वाटलं.

दवाखान्यात दर शनिवारी नागपूरहून सुलोचनाबाई डॉक्टर येत. त्यांनी आधी सगळं नीट सांगितलं. मनातली भीती घालवायची, परदेशात नुकतीच निघालेली रीत होती. त्या स्वतःही अजून शिकतच होत्या.

"मी बोटं इकडून तिकडे नेईन. मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी बोटांमागे या, आणि मनात तो प्रसंग धरा. विसरलेलं काही वर येईल. रडू येईल, थकवा येईल. नको वाटलं तर थांबा म्हणा. प्रसंग पुसला जाणार नाही, पण दूर जाईल."

"नुसती बोटं हालवून?" हे म्हणाले. "इतकं त आमचा भगत बी करते बाई, वरून कोंबडा घेते."

"मला कोंबडा नको," बाई हसल्या आणि त्यांनी दोन बोटं उचलली.

खोलीत फिनेलचा वास होता. बाईंची बोटं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जात होती आणि यांचे डोळे त्यांच्यामागे. थोड्या वेळाने हे बोलू लागले. लाल पाणी. डोंग्याखाली आलेलं झाडाचं खोड. मनगटावरून सुटलेला तिचा हात. घाम फुटला, डोळ्यांतून पाणी आलं. मग हळूहळू खांदे सैल झाले. श्वास लांब झाला.

"दूर चाललं बाई… लहान झालं."

बाईंनी बोटं मिटून हात मांडीवर ठेवला.

यांचे डोळे थांबले नाहीत. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. त्याच लयीत.

"चिंधूजी, मी थांबले आहे."

"तुमी थांबल्या… तिकडे थांबलं नाई."

"काय दिसतं?"

"धुकं हाये. पलीकडून कोनी पदर हालवून राहिली."

आमच्या घाटावर पात्र रुंद आहे, आवाज पोचत नाही. पलीकडच्या माणसाला डोंगा हवा असला की तो शेला, नाहीतर पदर, असाच इकडून तिकडे हलवत राहतो. नावाड्याने हात वर केला की हलवणं थांबतं. आणि हात वर केलेला नावाडी गेला नाही, असं आमच्या घाटावर कधी झालेलं नाही.

मी यांचं मनगट धरलं. "अवो, हात नका उचलू…"

"बोलावणं हाये वो. नाई कसं म्हनू?"

माझा हात बाजूला सारून त्यांनी आपला हात वर केला. डोळे जागच्या जागी थांबले. परतताना एस्टीत ते गाढ झोपले. बाईंनी सांगितलेला थकवाच असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते घाटावर गेले. मी मागे गेले. कंबरेइतक्या पाण्यात उतरून, न कचरता, त्यांनी डोंगा ढकलला आणि ते धुक्यात दिसेनासे झाले. वल्ह्याचा आवाज गेला, थांबला. बराच वेळ काहीच नाही. मग तो आवाज परत येऊ लागला, जातानापेक्षा सावकाश.

डोंग्यात हे एकटेच होते. पण मागचं रिकामं टोक पाण्यात दबलेलं होतं. काठाला लागल्यावर यांनी हात पुढे केला, उतरणाऱ्या बाईमाणसाला देतात तसा. थोडा वेळ तसाच धरला. मग डोंगा वर आला.

"वाट दे वो," हे मला म्हणाले.

मी बाजूला झाले.

तेव्हापासून हे रोज नदीवर जातात, रात्री झोपतात. घाट आमच्याकडेच राहिला. सुलोचनाबाईंनी पुन्हा तपासून आता यायची गरज नाही, असं सांगितलं.

रुखमाची सासू चंद्रभागाबाई त्या आठवड्यात पाण्याच्या वाटेवर भेटली. घरात ती, तिचा मुलगा यादोराव आणि म्हातारा, तिघंच. म्हणाली, मोजून रांधलं तरी सांजचा भात कमी पडते, कायले ते समजत नाई. आता ती चौघांचा रांधते. पुरतो.