घडी न घातलेली गोधडी

सिल्वासात, आमली भागाच्या मागच्या गल्लीत आबांची चाळ आहे. दहा खोल्या, वर सिमेंटचे पत्रे, दोन संडास, एक नळ. नळाला सकाळी सहाला पाणी येतं आणि पावणेसातला जातं. त्या वेळात जो हजर नाही त्याने अंघोळीचा विचार सोडायचा. इथे खोली मिळत नाही, खाट मिळते. तीही आख्खी नाही, अर्धी. रात्रपाळीवाला दिवसा झोपतो, दिवसपाळीवाला रात्री, आणि दोघांत मिळून एकच खाट. सिल्वासाच्या कारखान्यांतून जे सूत निघतं ते असल्या अर्ध्या अर्ध्या झोपेवर निघतं. त्याची साडी नेसणारीला हे ठाऊक नसतं, आणि ठाऊक करून घ्यायची कोणाला गरजही पडत नाही.

नवनाथ तळोद्याकडचा. गावाहून इथवर बसने एका दिवसाचाही रस्ता नाही, पण उतरल्यावर त्याला परदेशात आल्यासारखं झालं. पाट्या गुजराती, बोलणं हिंदी, वरणात गूळ. शिव्या तेवढ्या ओळखीच्या. सूत कारखान्यात तो ठेकेदाराकडून लागला होता. बारा तासांची पाळी, रात्री आठ ते सकाळी आठ. नव्वद दिवस नीट काढले तर कंपनीच्या हजेरीवर नाव चढणार होतं. मग खोली, मग चंदा आणि सात महिन्यांची पोर. चंदा तोवर माहेरी भावजयीच्या तोंडाकडे बघत दिवस काढत होती.

अडचण एकच होती. त्याला दिवसा झोप येत नव्हती.

पहिल्या खोलीत अकरा माणसं होती. वीस दिवसांत तो एकदाही सलग दोन तास झोपला नाही, आणि एकदा मशीनसमोर उभ्या उभ्या त्याचा डोळा लागला. प्रमोद सर नाशिकचे इंजिनियर. त्यांनी खांद्याला हात लावून जागं केलं आणि शांतपणे सांगितलं, "पुन्हा असं दिसलं तर गेटपास जमा कर. तुझा हात मशीनमध्ये गेला तर मला झेपणार नाही." माणूस वाईट नव्हता. म्हणूनच नवनाथला जास्त राग आला. माणसाला बारा तास उभं करायचं, झोपायला जागा द्यायची नाही आणि वर काळजीही आपणच करायची.

मग तो आबांकडे आला.

आबा सत्तरीचे, काटकुळे, कायम ओट्यावर बसलेले. त्यांचं मूळ गाव मधुबन धरणात गेलं. त्यांनी खोली उघडून दाखवली. काथ्याने विणलेली जुनी जड खाट, वर गोधडी, खुंटीवर कोणाचा तरी चौकटीचा शर्ट.

"ही खाट आमच्या गावची, दीकरा. दुसरी बाजू भगवंतची. तो एरंडोलकडचा, चांगला माणूस आहे."

"त्याची गाठ कधी पडेल?"

"पाळी उलटी आहे, गाठ कशी पडेल? आणि एक ऐक. उठलास की गोधडीची घडी घालायची नाही. जशी असेल तशी टाकून जायचं."

"का?"

"आमच्याकडे घालत नाहीत."

नवनाथला हे काही पटलं नाही. त्याच्या घरी उठल्यावर आधी गोधडीची घडी आणि मग चूळ, हे आईने पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. पण परक्या मुलखात दहा गोष्टी गिळल्या, त्यात ही अकरावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला पाळीवरून येऊन तो खाटेवर आडवा झाला आणि दचकून उठला. गोधडी ऊबदार होती. आत्ता कोणी उठून गेल्यासारखी. त्याला किळस आली. परक्या माणसाची ऊब अंगाला लागणं ही गोष्ट गरिबीतही शेवटची असते. पण पाय तुटत होते. तो पुन्हा पडला आणि दगडासारखा झोपला. डोळे उघडले तेव्हा सहा वाजले होते. बाहेर कोणीतरी बोंबील भाजत होतं.

असं रोज होऊ लागलं. सकाळी ऊबदार खाट, आणि पडल्या पडल्या झोप. पत्र्यावर ऊन तापायचं, शेजारी टीव्ही बोंबलायचा, पोरं दाराला चेंडू मारायची, पण त्याला काही ऐकू येत नसे. त्याचं वजन वाढलं. फोनवर चंदा म्हणाली, "आवाज बदलला हो तुमचा. माणसासारखा बोलायला लागलात."

माणूस आयटीआय झालेला, त्यामुळे डोकं मात्र चालूच राहिलं. दिवसपाळीवाला सव्वासातला निघत असणार. दीड तास गोधडी ऊबदार कशी राहते? पत्र्याने तापत असेल म्हणावं, तर खाटेची चौकट गार असायची, खालची फरशी गार असायची. उशीही एका बाजूला गार आणि मधे ऊबदार. ऊब होती ती माणसाच्या आकाराची. नवनाथ ठेंगणा. त्याचे पाय जिथे संपायचे त्याच्या खाली वीतभर ती ऊब होती. भगवंत उंच असला पाहिजे, एवढं त्याने ठरवून टाकलं आणि कूस बदलली.

पन्नासाव्या दिवशी कारखाना बंद होता. शेजारच्या खोलीतला स्वप्नील दिवसपाळीवाला, तोंडाने फाटका. तो ओट्यावर दाढी करत बसला होता.

"काय भो, आज दोघं एका खाटेवर कसे झोपणार?" नवनाथ म्हणाला. "भगवंत आला का?"

"कोण भगवंत?"

"माझ्या खाटेवरचा."

स्वप्नीलने वस्तरा खाली घेतला. "तो तर उन्हाळ्यात, आखाजीच्या सणालाच गेला, भो. दुधनीला चहाची गाडी टाकली त्याने. ती अर्धी खाट तेव्हापासून रिकामीच आहे. आबा कोणाला देतच नाही." मग हसला. "तुला काय वाटलं, लपूनछपून बाई येते?"

नवनाथ खोलीत आला. खुंटीवरचा शर्ट काढून पाहिला. कॉलरवर बोटभर धूळ होती. मग त्याने खाटेवर हात ठेवला. सकाळचे दहा वाजले होते. गोधडी ऊबदार होती.

तो तसाच बाहेर आला. "आबा, माझ्या खाटेवर कोण झोपतं?"

"कोणी नाही."

"मग ती तापते कशाने?"

आबांनी पायावरचं उपरणं सारखं केलं. "तुला झोप येते ना?"

"मी काय विचारतोय आणि तुम्ही काय सांगताय?"

"जे विचारायचं तेच सांगतोय, दीकरा. झोप येते ना?"

नवनाथचं टाळकं सटकलं. आयुष्यभर त्याला लोकांनी अशीच उत्तरं दिली होती. ठेकेदाराने, तलाठ्याने, सासऱ्याने. गरिबाने विचारायचं नाही, नुसतं घ्यायचं. तो खोलीत गेला, गोधडी झटकली, आईने शिकवली तशी चार पदरी घडी घातली आणि खाटेच्या उशाशी ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी पाळीवरून आला तेव्हा खाट गार होती. ओल्या दगडावर पाठ टेकावी तशी. गोधडी पसरली, वर चादर घेतली, उपयोग झाला नाही. टीव्हीचा प्रत्येक शब्द त्याला ऐकू आला. चेंडू दारावर सत्तेचाळीस वेळा आपटला. पण उठताना त्याने हट्टाने पुन्हा घडी घातली. असे तीन दिवस गेले. चौथ्या पहाटे मशीनसमोर त्याची मान खाली गेली. सूत गुंडाळायच्या दहा-बारा बॉबिन भरून ओसंडल्या, सुताचा गुंता मशीनच्या गरम पट्टीला चिकटला आणि सगळ्या विभागात जळका वास सुटला.

प्रमोद सर ओरडले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "आता शेवटचं, नवनाथ. मी यापुढे झाकू शकत नाही."

सकाळी तो खोलीवर गेलाच नाही. जीप पकडून सरळ दुधनीला गेला.

दुधनीत धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं. उतारावर होड्या लागतात तिथे चहाच्या दोन-तीन गाड्या. ऑक्टोबरचं ऊन कानशील भाजत होतं. एका गाडीवर उंच माणूस बनियनवर उभा होता. घाम पुसत होता आणि पुसताना हसत होता, जसं काही घाम ही फार मोठी मिळकत आहे. बाजूला त्याची बायको कप विसळत होती. गाडीच्या खिळ्याला जाड लोकरीचा स्वेटर टांगलेला.

"भगवंतभाऊ?"

त्याने नवनाथला वरून खालपर्यंत पाहिलं. "खाटवाला ना तू? बस. नलिनी, याला चहा दे."

"कसं ओळखलं?"

"चार दिवस झाले मला घाम येतोय. आखाजीनंतर पहिल्यांदा. म्हटलं, तिकडे कोणीतरी गोधडीची घडी घातली. आता तो येईल."

नवनाथने कप हातात घेतला. त्याने चहाचा घोट घेतला, जीभ भाजली.

"मे महिन्यात स्वेटर घालून फिरत होते हे," नलिनी म्हणाली. तिने वर पाहिलं नाही. "गरम पातेल्याला हात लावून बसायचे. चटका बसायचा नाही."

"दुखत नाही पण," भगवंत घाईने म्हणाला. "भूक लागते, काम होतं, सगळं होतं. नुसता गार असतो माणूस."

"तुम्हाला माहीत होतं? खाट सोडताना?"

"माहीत होतं. आबांनी सांगितलं नव्हतं, पण मी होतो तेव्हा ती ऊब कोणाची तरी होतीच ना. शहाद्याचा एक जण होता म्हणे. मी तुझ्यासारखा शोधायला गेलो नाही. हिंमत झाली नाही."

होडीवाला शिट्टी मारून गिऱ्हाईक बोलवत होता. पाणी काठाला लागून मागे जात होतं.

"किती दिवस राहिले तुझे?" भगवंतने विचारलं.

"छत्तीस."

"मग?"

"मग परमनंट. मग बायको-पोरीला आणायचं."

भगवंतने नलिनीकडे पाहिलं. "मी हिला असंच आणलं."

नलिनी बराच वेळ कप विसळत राहिली. एकच कप. मग तिने हात पदराला पुसले.

"जा मग," ती नवनाथला म्हणाली. "पण छत्तीसच. सदतिसावा नको."

तिने खिळ्यावरचा स्वेटर काढला, झटकला आणि नवऱ्याच्या हातात दिला. नवनाथ जीपमध्ये चढला तेव्हा भगवंत भर उन्हात स्वेटरची बटणं लावत होता.

खोलीवर येऊन नवनाथने घडी मोडली. गोधडी पसरली. तिच्याकडे न बघता बाहेर ओट्यावर आबांशेजारी जाऊन बसला. पाव तासाने आत जाऊन हात ठेवला.

ऊबदार होती.

तो झोपला. छत्तीस दिवस झोपला.

मशीनवर त्याचे डोळे असे उघडे राहिले की प्रमोद सरांनी दोन नवी पोरं त्याच्या हाताखाली दिली. नव्वदाव्या दिवशी हजेरीवर नाव चढलं. डोकमर्डीत एक खोली मिळाली, स्वतःचा नळ असलेली. चंदा पोरीला घेऊन पहाटेच्या बसला बसल्याचा फोन आला.

त्या सकाळी त्याने आबांकडचं सामान बांधलं. ट्रंक दारात ठेवली. मागे वळला.

गोधडी तशीच पसरलेली होती.

घडी घातली तर भगवंत सुटत होता. तोही सुटत होता. नाही घातली तर भगवंतच्या जागी आता त्याची ऊब खाटेवर राहणार होती. पण घातली की खाट गार पडणार होती. पुढचा जो कोणी तळोद्याहून, पारोळ्याहून, अक्कलकुव्याहून येईल, डोळे लाल, कोणीतरी माहेरी ठेवलेलं, तो तिच्यावर तडफडत पडणार होता.

तो कितीतरी वेळ उभा राहिला. हात सवयीने दोनदा पुढे गेला.

मग त्याने ट्रंक उचलली आणि कडी न लावता बाहेर पडला. ओट्यावर आबा होते. या खेपेला ते उठून उभे राहिले. एवढा म्हातारा माणूस आपल्यासाठी उठला, हे नवनाथला फार दिवस आठवत राहिलं.

आठवड्याने दुधनीहून फोन आला. "नवनाथ, पंखा घेतला रे," भगवंत म्हणाला. स्वप्नील बाजारात भेटला. म्हणाला, तुझ्या खाटेवर पारोळ्याचा एक जण आलाय, मेल्यासारखा झोपतो.

चंदाने खोलीला आतून निळा रंग दिला. पोरगी भिंत धरून चालायला लागली, नळाशी खेळायला लागली. आठवडी सुट्टीला तिघं जाऊन भजी खातात. नवनाथ थंडीत जरा जास्तच कपडे घालतो, एवढंच. चंदाने पहिल्या रात्री विचारलं होतं. त्याने सगळं खरं सांगितलं. तिने आणखी एक गोधडी शिवायला घेतली.

पोरीला अधूनमधून ताप येतो, दात येतायत. चंदा आताशा पट्टी भिजवत नाही. पोरीला उचलते आणि बापाच्या उघड्या छातीवर निजवते. ताप उतरेपर्यंत ती शांत पडून असते. मग तिच्या अंगावर काटा येतो, ओठ निळे पडायला लागतात, आणि चंदाला तिला वेळेवर उचलावं लागतं.