वेलदोड्याची बिअर

"ओरड की गं! असं कानात गुज सांगितल्यासारखं केलंस तर बिअर झोपूनच राहील."

एलिंगचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आमच्याकडे, नॉर्वेच्या या खोऱ्यात, बिअरच्या पिंपात यीस्ट टाकताना घसा फोडून ओरडायचं असतं. जितकी मोठी आरोळी, तितकी बिअर जोरकस. बाबांची आरोळी तळ्यापलीकडे ऐकू जायची. बाबा गेले त्या वर्षी नाताळची बिअर मी करायची ठरवली, पण आरोळीच्या वेळी आवाज घशातच अडकला. मग माझ्यासाठी एलिंग ओरडला. असा ओरडला की गोठ्यातल्या मेंढ्या उठून उभ्या राहिल्या.

त्याच्या आठच दिवस आधी तो मला भेटला होता. मी उतारावर बिअरला वास देणाऱ्या जुनिपरच्या फांद्या तोडायला गेले होते. वरून पाण्यात कालवल्यासारखं बर्फ भुरभुरत होतं. मी एक फांदी ओढली, तर तीच पलीकडून कुणीतरी ओढत होतं.

"सोड," मी म्हणाले. "झुडूप आमच्या हद्दीतलं आहे."

"मूळ तुमच्या हद्दीत. फांदी आमच्याकडे झुकलीय. तिलाच विचार ना, कुणाकडे यायचंय."

फांदीआडून चेहरा दिसला. भिजलेल्या भुवया, हसू दाबून धरलेले ओठ. शेजारच्या शेतावरचा धाकटा मुलगा, बर्गनच्या हॉटेलात सहा वर्षं स्वयंपाक करून परतलेला.

"ब्रिता ना तू? इतक्या फांद्या कशाला?"

"नाताळच्या बिअरला."

"तू करणार?"

"का? मला हात नाहीत?"

"आहेत की. मघापासून तेच बघतोय."

फांदी मी सोडली नाही. त्यानंही नाही.

बाबांची बिअर नुसत्या जुनिपरची असायची. मला तिच्यात नाताळचा वास हवा होता, मसाल्याचा. हे एलिंगला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तो बाह्या सरसावून दारात उभा. दुधाच्या कॅनमध्ये आम्ही थोडी थोडी करून बघू लागलो.

पहिल्या खेपेला लवंग घातली. एक घोट घेऊन तो गाल धरून बसला. "डॉक्टरकडे दाढ काढायला आल्यासारखं वाटतंय." दुसऱ्या खेपेला संत्र्याची साल. तिचा पांढरा भाग खरवडायचा राहिला आणि सगळी कडू जहर झाली. "ठेव, ठेव," तो म्हणाला, "पाहुणे हलेनासे झाले की ही काढायची." मी हसता हसता पळीनं त्याला मारलं... हळूच.

तिसऱ्या खेपेला त्यानं खिशातून पुडी काढली. वेलदोडे. त्याच्या आईनं नाताळच्या पावासाठी जपून ठेवलेल्या डब्यातून चोरलेले.

"हे उकळायचे नाहीत," तो म्हणाला. "हंडा चुलीवरून उतरला, वाफ जरा निवली, की मग. वासाला घाई केलीस तर निघून जातो."

मी वेलदोडे कुटले, त्यानं फडक्यात बांधले. गाठीवर बोट धरायला मला सांगितलं. गाठ बसली तरी बोट तिथंच राहिलं – आणि त्यावर त्याचा हात. खिडकीबाहेर बर्फ उतरत होतं, सावकाश, कापूस पिंजल्यासारखं.

दोन दिवसांनी चव घेतली. तीच होती ती.

मोठ्या पिंपातली बिअर तयार झाली त्या दिवशी त्यानं सांगितलं, जहाजावर स्वयंपाक्याचं काम मिळतंय. हो की नाही, ते नाताळनंतर कळवायचं.

"शेत थोरल्याचं. मला इथं राहायला निमित्त लागेल, ब्रिता."

"कसलं निमित्त?"

"उद्या चाखायला सगळे येतील. विचारतील, कुणी केली. तू काय सांगशील?"

मला कळलं, तो काय विचारतोय. आमच्या खोऱ्यात एका पिंपाशी दोन नावं जोडली गेली, की लग्नाची तारीखच विचारतात.

"खरं तेच सांगेन," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी जमले. लाकडी वाडगा हातोहात फिरू लागला. म्हाताऱ्या क्नूटनं मिशी पुसली, डोळे मिटले, पुन्हा एक घोट घेतला.

"तुझ्या बापाच्या वरताण झालीय, पोरी." मग डोळा बारीक केला. "पण एवढी काही तुझ्या एकटीच्या हातची नाही. कोण बाप्या होता मदतीला?"

सगळे हसले. त्या हसण्यानं माझ्या कानशिलाची आग झाली. वर्षभर मी हेच ऐकत आले होते – पोरीला शेत झेपेल का, पोरीला बिअर जमेल का. एलिंग दाराशी उभा होता. वाडगा नुकताच त्याच्या हातात आला होता.

"कोणी नाही," मी म्हणाले. "एकटीनं केली."

एलिंगनं घोट घेतला. वाडगा पुढे दिला. "छान जमलीय," एवढंच म्हणाला. नाताळ सरला, आणि तो जहाजावर गेला.

त्यानंतर दर वर्षी मी तशीच बिअर केली. वेलदोडे वाफ निवल्यावरच टाकले. लोक वाखाणत, विचारत, आणि मी तेच उत्तर देई. एकदा खोटं सांगितलं की दर वर्षी त्याला नवं पाणी घालावं लागतं. त्याला पत्र लिहायला बसे, पण "प्रिय" पुढे लेखणी सरकत नसे.

नवव्या वर्षी तो आला. चाखायला माणसं जमलेली असताना भावाच्या मागून आत शिरला. कानाशी थोडे पांढरे केस, बोटात अंगठी. रॉटरडॅमला घर आहे म्हणाला, बायको आहे, चार वर्षांची मुलगी आहे. मी वाडगा त्याच्या हातात दिला तेव्हा बोटाला बोट लागू नये म्हणून दोघांनीही काळजी घेतली.

क्नूट आता फार थकला होता, पण कौतुक सोडत नव्हता. "पी, एलिंग. या पोरीनं रे, एकटीनं शोधून काढलेली कृती."

"ऐकून आहे मी," एलिंग म्हणाला. त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी गप्प बसले असते.

"एकटीनं नाही," मी म्हणाले.

वाडगा जिथं होता तिथं थांबला.

"त्या वर्षी तुम्ही विचारलंत, क्नूट, तेव्हा मी खोटं बोलले. ही बिअर एलिंगची आणि माझी. आणि मी..." माझा आवाज कापत होता, पण अडकला नाही. "मी तेव्हाच त्याचं नाव घ्यायला हवं होतं. मला तो इथं हवा होता."