गोड पाण्याची विहीर

गोदाबाई खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागली.

"बाई, त्या प्लांटवाल्या योगेशला आत टाका. शहराची घाण साफ न करता तापीत सोडतो. माझी सून अश्विनी काविळीनं दवाखान्यात पडलीय. सातवा महिना आहे तिचा."

तापीकाठच्या त्या शहरात, लालबागमध्ये, शिलाईच्या दुकानावरच्या खोलीत कमल खाजगी तपास करायची. बहुतेक पळालेले जावई आणि लग्नाआधीच्या चौकशा. मदतीला धाकटा दीर नंदकुमार. त्याच्याकडे स्कूटर होती आणि भूक होती.

"सून नदीचं पाणी पिते?" कमलनं विचारलं.

"छे! नळाच्या पाण्यालाही औषधाचा वास येतो म्हणून शेतातल्या विहिरीचं पाजते तिला. गोड आहे. शेजारचे दोघं तेच पितात, तेही आजारी. नदीच झिरपली असंल विहिरीत."

"पोरं नदीत डुंबतात?"

"रोज. त्यांना काय धाड भरलीय!"

कमलनं उसासा टाकला आणि चप्पल घातली.

सांडपाण्याच्या प्लांटवर योगेशचे डोळे खोल गेले होते. "मॅडम, नौकरी जाईल माझी. पण सोडू काय? उन्हाळ्यापासून इथं पानीच कम येतंय. मशीन अर्धा वेळ बंद."

उखर्डू मैल्याचा टँकर चालवायचा. "नदीत? राम राम, ताई! प्लांटवरच रिकामा करतो. आधी केळीवाले आडवे यायचे, खताला आमच्या शेतात ओत म्हणून. यंदा गोदाबाईच्या शेताकडून कोणी हाकही मारत नाही."

"दोघंही खोटं बोलताहेत, वहिनी," नंदकुमार म्हणाला.

"दोघंही थकलेत, भाऊजी. ते वेगळं असतं."

गोदाबाईचा मुलगा ललित यानं शेत दाखवलं. बोअर चैत्रातच आटली, असं तोच म्हणाला. ठिबकच्या नळ्या बांधावर गुंडाळून पडल्या होत्या, त्यांत कोळ्यानं घर केलं होतं. केळी मात्र गर्द हिरवी. ओल्या सऱ्यांत जिकडेतिकडे टमाट्याची झाडं उगवलेली. नंदकुमारनं रुमाल भरला.

"चटणीचं काम झालं!"

"खाली टाका ते."

"दोन तरी..."

"भाऊजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलनं योगेशला शेतावर बोलावलं. ललित आणि गोदाबाई होतेच.

"ललितभाऊ, टमाटे कोणी लावले?"

"आपोआप आले."

"आपोआप काही येत नाही. टमाट्याचं बी माणसाच्या पोटात मरत नाही. शहरानं खाल्लं, गटारात गेलं, आणि तुमच्या सऱ्यांत उगवलं. बोअर आटलेली, ठिबक बंद, तरी जमीन ओली. योगेशचं पाणी कमी झालं तेही उन्हाळ्यात. मैल्याचा टँकर तुम्हाला नको झाला तोही यंदाच. शहराची गटारलाइन या शेताखालून प्लांटला जाते. नदी गुन्हेगार असती तर आधी डुंबणारी पोरं पडली असती. तापी काही स्वच्छ नाही, पण या काविळीत तिचा हात नाही. त्या लाइनचं चेंबर कुठे आहे?"

ललितची नजर बांधाकडे गेली. नंदकुमारनं बांधाजवळचा वाळल्या पानांचा ढीग पायानं सारला. खाली उघडं चेंबर, त्यात सोडलेला पंप.

"केळी जळत होती," ललित पुटपुटला. "त्या पाण्यात खत असतं. सगळेच घेतात. वाटलं, माती गाळून घेईल. मीपण त्याच विहिरीचं प्यायलो ना, आई!"

"विहीर उताराच्या खाली आहे, सऱ्यांतलं पाणी तिच्यातच झिरपतं," कमल हळूच म्हणाली. "उरलेलं ओढ्यानं तापीत जातं. योगेश, हे चेंबर आजच बंद करून घे. भाऊजी, शेजारच्या त्या दोघांनाही सांगा, या विहिरीचा एक घोटही नको."

योगेशच्या डोळ्यांत पाणी आलं, पण सुटल्याचा आनंद दाखवायला त्याला ती जागा बरी वाटली नाही.

गोदाबाई खाली बसली. "तांब्या माझ्याच हातात होता, बाई."

ललितनं मोटारसायकल काढली. "चल आई, दवाखान्यात. डॉक्टरांना सांगावं लागंल."

"डॉक्टरला मी सांगीन, मागून येऊन," ती म्हणाली. "अश्विनीला तू सांग. एकटा जा."