ओफेलियाबाईंचा घोट

बेस सोडला तर गिटारच नसलेला पंक बँड म्हटलं की ब्वेनोस आयरेसच्या उपनगरातली, तेंपेर्लेची पोरं आधी खी खी करायची. मग मारीनेस गायला लागायची आणि त्यांची तोंडं मिटायची.

लाउतारो कीबोर्डच्या मागून हे दर वेळी बघायचा आणि दर वेळी सुखावायचा. मारीनेस अंगानं किरकोळ, आठवडाभर बालवाडीत पोरांवर ओरडून घसा बसलेली. पण माइकसमोर आली की एवढ्याशा छातीत एवढा आवाज मावतो कुठे, असा प्रश्न पडायचा. 'मला उठवू नकोस' हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं. ध्रुवपदाच्या शेवटी एक सूर उंच जायचा आणि तिथे तिचा आवाज हमखास चिरकायचा. लोक ती चीर ऐकायला यायचे. शुद्ध सूर लावणाऱ्या बायका ब्वेनोस आयरेसमध्ये पोत्यानं मिळतील, पण ती चीर नीट ऐकू यावी म्हणून लाउतारो तिथे बोटं हलकी करायचा. त्यानं तिला हे कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं महिनाभर त्याची टर उडवली असती.

बँडचं नाव 'लास गोतेरास', म्हणजे गळत्या. हे नाव त्यांना 'ला पर्सेवेरान्सिया' क्लबच्या गळक्या पत्र्यानं दिलं होतं. वस्तीतला जुना क्लब तो. पुढे कॅन्टीन, मागे बास्केटबॉलच्या रेघा आखलेलं सभागृह आणि त्याच्या टोकाला रंगमंच. रविवारी दुपारी भाजलेलं मांस खाऊन सगळी वस्ती आडवी झाली की या चौघांची तालीम सुरू व्हायची. कॅन्टीन चालवणारे डॉन अमेरिको कानानं अधू होते, म्हणून तर ते चालून जायचं.

रंगमंचावर एक ऑर्गन होता. विजेवर चालणारा, कपाटाएवढा, पट्ट्यांच्या दोन ओळींचा, लाकडाचा. मागचा दरवाजा कधीतरी विटांनी बुजवला गेला आणि ऑर्गन आतच राहिला. लाउतारो लिफ्ट दुरुस्त करायचा. बंद पडलेलं यंत्र दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. त्यानं तो उघडला, साफ केला, चालू केला, आणि स्वतःचा प्लास्टिकचा कीबोर्ड भावाला देऊन टाकला. त्या ऑर्गनचा आवाज जाड होता, थोडा ओलसर, जत्रेतल्या पाळण्याची आठवण करून देणारा. तूकोचे ड्रम आणि पोलाची बेस गिटार त्याच्यामागे धावायला लागली आणि बँड बँड झाला. वरच्या ओळीतली एक पट्टी मात्र मुकी होती. तिची तार आत तुटून लोंबत होती. एका पट्टीवाचून काही अडत नव्हतं, म्हणून त्यानं ती तशीच ठेवली.

तालमीच्या मध्ये येर्बाचा कडू काढा व्हायचा. एकच तुंबा, एकच नळी. पोला गरम पाणी ओतणार, एकेकाच्या हातात देणार, रिकामा झाला की परत घेऊन पुन्हा भरणार. तुंबा परत करताना 'ग्रासियास', म्हणजे 'आभारी आहे', म्हटलं की त्या माणसाला पुरे झालं. म्हटलं नाही, तर त्याचा घोट येतच राहणार. आणि फेरीत बसलेल्याला वगळून तुंबा पुढे सरकवायचा म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं.

"ओफेलियाबाईंना नाही का देणार?" एका रविवारी तूको म्हणाला.

हा ऑर्गन ओफेलियाबाईंचा. डॉन अमेरिकोंनी सांगितलं होतं की क्लबच्या कार्निवलच्या नाचांना वर्षानुवर्षं त्याच वाजवायच्या, आणि त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

"खरंच की," पोला म्हणाली. तिनं तुंबा भरला आणि ऑर्गनच्या झाकणावर ठेवला. "घ्या बाई. तुम्हीही बँडमध्येच आहात."

"आता बसा बोंबलत," तूको म्हणाला. "ती काही ग्रासियास म्हणायची नाही. जन्मभर पाजत राहा."

चौघंही पोट धरून हसले. पोलानं थोड्या वेळानं तुंबा उचलला. गार झालेलं पाणी बादलीत ओतलं आणि पुढचा भरला. मग दर रविवारी तसंच होत गेलं. एकदा फेरीत घेतलेल्याला वगळायचं कसं?

नोव्हेंबरात डॉक्टरांनी मारीनेसच्या घशात नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी होत्या. काही महिने तोंड बंद ठेवायचं, नाहीतर कापायचं. कापल्यावर आवाज तोच राहील याची हमी नाही.

"डिसेंबरात क्लबचा वाढदिवस आहे," ती तालमीला येऊन म्हणाली. "तेवढं गाते. मग गप्प बसते."

"गाढव आहेस का तू?" पोला भडकली. "घसा फाडून घेणार?"

"पोले, अगं, माझ्याकडे दुसरं आहे काय? मीठ-पाण्याच्या गुळण्या आणि दातात चिकट गोळ्या अडकलेली पंचवीस पोरं. मला एकदा ते सभागृह भरलेलं बघायचंय."

लाउतारोला वाटलं, आपण अडवायला हवं. पण तिचं गाणं बंद होणार ही कल्पनाच त्याला सोसेना. त्यानं ऑर्गन चालू केला.

त्या दिवशी 'मला उठवू नकोस'च्या उंच सुरावर तिचा आवाज चिरकला नाही. सरळ वर गेला आणि तिथेच थांबला, भरदार, खरखरीत, सुंदर. तूकोनं काठ्या हवेत उडवल्या. मारीनेस स्वतःच दचकून हसली. लाउतारो मात्र आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. गडबडीत त्याचं बोट मुक्या पट्टीवर पडलं होतं.

सगळे गेल्यावर त्यानं मागची फळी काढली. तार तशीच तुटलेली, लोंबत होती. तिच्यावरची धूळसुद्धा हललेली नव्हती. आपोआप काही होत नसतं, कुठेतरी तार असते, हे तो लिफ्टमध्ये अडकलेल्या घाबरट माणसांना नेहमी सांगायचा. त्यानं फळी परत बसवली.

पुढच्या रविवारी पोलानं झाकणावरचा तुंबा उचलला आणि तिचा हात थबकला.

"कोणी प्यायलं हे?"

"मला काय विचारतेस?" तूको म्हणाला. "मी इथे ड्रमवर बसलोय."

तुंबा हलका होता. आतली पत्ती सुकी. पोलानं नळीला बोट लावलं आणि बोट लगेच मागे घेतलं. नळी ओठातून नुकतीच काढल्यासारखी ओलसर होती.

त्यानंतर दर वेळी तुंबा रिकामाच यायचा. त्यावर चौघांनी थट्टा करणं बंद केलं. बोलणंही बंद केलं. कारण मारीनेस गात होती. काय गात होती! कानांवर विश्वास बसू नये असं. ऑर्गन सुरू असला की तिचा आवाज सभागृहाच्या पत्र्यापर्यंत जाऊन परत यायचा. कॅन्टीनमधले पत्ते खेळणारे म्हातारे दारात येऊन उभे राहायचे. डॉन अमेरिकोंनी एकदा हातातला ग्लास पुसणं थांबवलं.

"आता मला नीट ऐकू येतंय," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

पण तालमीबाहेर तिचा आवाज बारीक होत चालला होता. फोनवर ती कुजबुजायची. नंतर फोन घ्यायची बंद झाली. बालवाडीत तिनं शिट्टी वापरायला सुरुवात केली.

लाउतारो डॉन अमेरिकोंना गाठून बसला.

"ओफेलियाबाई गायच्यासुद्धा का हो?"

"गायच्या? अरे बाबा, त्या बोलायच्यासुद्धा नाहीत. कधीच नाही. लोक कानाशी जाऊन गाणं सांगायचे, त्या मान हलवायच्या आणि वाजवायच्या." म्हातारबुवांनी जरा विचार केला. "गाणाऱ्या मुलींकडे मात्र बघत राहायच्या. फार बघायच्या. एकीनं तर त्यामुळे यायचंच सोडलं."

त्या रविवारी लाउतारोनं पोलाला बाजूला घेतलं. "आज तिकडे देऊ नकोस."

पोलाच्या मनात तेच होतं. तिनं तुंबा झाकणावर ठेवला नाही. मारीनेसच्या हातातून घेतला, भरला आणि थेट तूकोला दिला.

नंतरचं गाणं अर्ध्यावर थांबलं. मारीनेसच्या तोंडातून हवा बाहेर आली, नुसती हवा. तिनं पुन्हा जोर लावला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांतून पाणी आलं, पण सूर काही निघेना. ती खाली बसली आणि आवाजाशिवाय रडली. लाउतारोला ते बघवलं नाही.

मग ती उठली. पोलाच्या हातातून तुंबा घेतला, स्वतः भरला आणि ऑर्गनच्या झाकणावर ठेवला. दोन्ही हातांनी, अदबीनं, सासूसमोर ताट ठेवावं तसा.

"मारीनेस, ठेवू नकोस," लाउतारो म्हणाला. "माझं ऐक. हे बरोबर नाही."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "तेवढा एक दिवस," ती कुजबुजली. "लाउ, तेवढा एक दिवस मला गाऊ दे."

त्यानं गाऊ दिलं. तुंबा रिकामा झाला आणि तिचा आवाज परत आला.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ती डॉक्टरांकडे जाऊन आली आणि फोनवर निरोप पाठवला. गाठी गेल्या होत्या. घसा साफ होता. इतका साफ की डॉक्टरांनी हसत विचारलं होतं, बाई, तुम्ही हा कधी वापरला आहे का?

वाढदिवसाला सभागृह तुडुंब भरलं. डिसेंबरचा, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्याचा उकाडा, बाहेर सॉसेज भाजल्याचा धूर, उंच खिडक्यांतून येणारं संध्याकाळचं पिवळं ऊन. शेजाऱ्यांच्या तक्रारी नकोत म्हणून कार्यक्रम उजेडातच ठेवला होता. वस्तीतली पोरं एकमेकांच्या खांद्यांवर चढली होती. फुटबॉलच्या मैदानावर आरोळ्या ठोकतात तशी ती बँडचं नाव घेत होती. मारीनेस पुढे आली. लाल बूट, घामानं चिकटलेले केस. तिनं मागे वळून लाउतारोला डोळा मारला. तो त्या क्षणी इतका आनंदात होता की सगळं विसरला.

आणि ती गायली. तसं गाणं त्या क्लबमध्ये कोणी ऐकलं नसेल. प्रत्येक गाण्यात तिचा आवाज मोठा होत होता. कपाळाला आठी नाही, मानेची शीर ताठलेली नाही. पुढच्या रांगेतली एक दांडगी पोरगी उघड्या तोंडानं रडत होती. लाउतारो वाजवत होता आणि मनात म्हणत होता, बघा, बघा रे, ही आमची मारीनेस.

शेवटचं गाणं 'मला उठवू नकोस'.

ध्रुवपदाच्या तोंडाशी वीज गेली.

उन्हाळ्यात तिथे ती जातेच. माइक मेला. बेस गिटार मेली. ऑर्गनचा लाल दिवा विझला. तूको तसाच बडवत राहिला.

मारीनेसचा आवाज थांबला नाही.

माइकशिवाय तो सभागृहभर पसरला. पोरं वेडी झाली. "विजेशिवाय गातेय! अरे, विजेशिवाय!"

तो उंच सूर आला आणि लांबत गेला. श्वास घ्यायला थांबलाच नाही.

लाउतारोच्या बोटांखाली पट्ट्या थरथरत होत्या. त्यानं हात उचलले.

सूर तसाच.

मारीनेस लोकांकडे पाठ करून उभी होती. तोंड ऑर्गनकडे. ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळे लाउतारोवर.

मग त्या सुराला एकच चीर गेली, नेहमीच्याच जागी, आणि तो थांबला.

टाळ्या किती वेळ चालल्या कोण जाणे. लोक बाहेर गेले, सॉसेज खायला लागले. डॉन अमेरिकोंनी मारीनेसच्या हाताचं चुंबन घेतलं. तिनं मान हलवली. रंगमंचावर चौघंच उरले. वीज अजून आली नव्हती. लाउतारोनं तरीही ऑर्गनची वायर भिंतीतून उपटली आणि त्याच्यावर चादर टाकली.

"मारीनेस," पोला म्हणाली. "काहीतरी बोल."

मारीनेसनं तोंड उघडलं. ओठ हलले, जीभ हलली. साधा श्वाससुद्धा ऐकू आला नाही. ती लाउतारोच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं त्याची बाही मुठीत धरली. तिचा हात गार होता.

काय करावं कोणालाच सुचत नव्हतं, म्हणून पोलानं तुंबा भरला. हातांना तेवढंच ठाऊक होतं. तूको प्यायला. लाउतारो प्यायला. मारीनेस प्यायली आणि तिनं तुंबा परत दिला. पोलानं तो पुन्हा भरला, ऑर्गनकडे पाहिलं आणि लाउतारोकडे पाहिलं. तो नाही म्हणू शकला नाही. न दिल्यावर काय होतं ते त्यानं पाहिलं होतं, आणि दिला तर कदाचित तिचा आवाज परत येईल, एवढीच एक आशा शिल्लक होती.

पोलानं तुंबा चादरीवर ठेवला. सगळे वाट बघत बसले. बाहेर पोरं अजून त्यांचीच गाणी म्हणत होती.

नळीतून शेवटचा कोरडा घोट ओढल्याचा आवाज आला.

आणि मग चादरीखालून, हलक्या, जराशा खरखरीत आवाजात, पाहुणी उठून जाताना म्हणते तसं कोणीतरी अदबीनं म्हणालं, "ग्रासियास."

लाउतारोच्या बाहीवरची मूठ आवळली गेली. आवाज मारीनेसचा होता.