काळ्या कागदावरचा भुसा

“अगं, हात लावू नकोस! अधिकारीकाका बघतायत!” दादा कुजबुजला.

“ठशाला नाही लावत रे! हे काय सांडलंय ते बघतेय,” चिमणी म्हणाली.

सुट्टी लागल्यापासून ही भावंडे आणि त्यांचा मित्र ढब्बू ठसे बघू द्या म्हणून संग्रहालयाच्या अधिकारीकाकांच्या मागे लागले होते. आज कुठे साठवणीच्या खोलीत पाऊल पडले. आत्याने उभ्या आयुष्यात कोरलेले लाकडी ठसे इथल्याच कपाटात होते. शाई लावून कागद दाबला, की त्यांतून चित्र उमटे. आता आत्याचे हात थरथरत. नवा ठसा काही होणार नव्हता. आहेत तेच जपायचे होते.

आणि फळीवर पिठासारखा भुसा पडला होता!

“जुनाच आहे तो,” अधिकारीकाका म्हणाले. “कीडबीड काही नाही. लाकूड म्हटलं की भुसा आलाच! उगाच राईचा पर्वत करू नका.”

चिमणीचा जीव थाऱ्यावर राहिना. “जुना असेल, तर पुसल्यावर परत पडणार नाही. हो ना?”

“माझ्या दप्तरात काळा कागद आहे!” ढब्बू म्हणाला.

“काका, फळ्या पुसून देऊ का?” दादाने साळसूदपणे विचारले. फुकटात काम होत असताना काका कशाला नाही म्हणतील! तिघांनी फळ्या लख्ख पुसल्या आणि प्रत्येक ठशाखाली काळा कागद सरकवला.

दोन दिवसांनी ते आत्यालाच घेऊन आले. वरचे कागद कोरे होते. सगळ्यात खाली मात्र एका ठशाखाली ताज्या भुशाची ढिगली होती.

“जुना भुसा चालत आला वाटतं!” ढब्बू म्हणाला.

काकांचा चेहरा पडला. कपाटाला खेटून त्यांनीच एक लाकडी खोके आणून ठेवले होते. त्याला भोकेच भोके होती. कीड तिथूनच आली होती. त्यांनी खोके तडक बाहेर काढायला लावले. ठसे प्लॅस्टिकमध्ये बंद करून मोठ्या फ्रीझरमध्ये ठेवायचे ठरले. कडक थंडीत कीड मरते.

आत्याने खालचा ठसा उचलला. अंगठा टेकताच लाकडाचा चुरा झाला.

“हा माझा पहिला,” ती म्हणाली.

चिमणीला रडूच कोसळले. “आम्ही आधी यायला हवं होतं गं, आत्या!”

“चूक माझी आहे,” काका खालमानेने म्हणाले. “बाकीचे ठसे वाचले ते या पोरांमुळे.”

आत्याने थरथरता हात चिमणीच्या डोक्यावर ठेवला.

“माझ्यामागे या ठशांकडे कोण बघणार, याचा घोर होता मला,” ती म्हणाली. “आता नाही.”