बाकीच्या सातशे

रेकॉर्डी छापायच्या त्या कारखान्यात तिचं काम एकच होतं, ऐकायचं. प्रेसमधून निघालेली दर पन्नासावी तबकडी तिच्या खोलीत यायची. खोलीला खिडकी नव्हती, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. आत एक खुर्ची, एक सुई आणि दोन कर्णे. जराशी खरखर आली, एखादी टिचकी ऐकू आली, की सगळा गठ्ठा परत. मग मालक येऊन उभा राहिला तरी ती त्याला भीक घालायची नाही. सगळे तिला कानवाली म्हणत.

त्या दुपारी ती ठेवणीतले कपडे घालून आली. प्रेस चालवायला तिची धाकटी नणंदच होती. ती म्हणाली, "वहिनी, लग्नातसुद्धा एवढी नटली नव्हतीस."

"लग्नात तुझा भाऊ होता. आज बाई आहेत."

बाई म्हणजे तिचं दैवत. घरात भांडण होवो की दुखणं, बाईंचा सूर कानावर पडला की तिचा जीव थाऱ्यावर यायचा. बाईंनी शेवटचं एक गाणं गायलं आणि तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. ते गाणं बाहेर आलंच नाही. मूळ टेप कुजली. उरला फक्त धातूचा एक साचा, तेलकट कागदात गुंडाळलेला. त्यातून हजार तबकड्या काढायच्या होत्या. या गाण्यासाठी ती तीस वर्षं थांबली होती.

पन्नासावी तबकडी आली. तिनं सुई टेकवली, डोळे मिटले. कोमट पाण्यात उतरावं तसा सूर अंगाभोवती चढत गेला. गाद्यांच्या भिंती विरघळून लांब कुठंतरी गेल्या. गाणं संपलं तरी ती तशीच बसून होती.

शंभराव्या तबकडीत शेवटच्या ओळीआधी कुणीतरी घसा खाकरला.

तिनं पुन्हा लावून पाहिलं. खाकरणं होतंच. आता साच्यातच खोट असेल तर ती प्रत्येक तबकडीत, त्याच जागी यायला हवी. पन्नासावीत तर नव्हती. दीडशेवीत खोकला आला, दोनदा. दोनशेवीत सूर ओढल्यासारखा लागला, आणि गरम प्लास्टिकच्या वासाखाली दुसराच एक वास आला, बरेच दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीसारखा.

अडीचशेवीत गाणं शेवटच्या ओळीपाशी थांबलं. तबकडी फिरतच होती. मग अगदी जवळून, कानाला ओठ लावावेत तसं, कुणीतरी विचारलं, "अजून किती राहिल्या गं...?"

मोठ्या माणसानं विचारलं की उत्तर द्यायचं, एवढंच तिला सुचलं. "साडेसातशे, बाई."

बाहेर जाऊन तिनं नणंदेला प्रेसचं विचारलं. प्रेस ठीक होता. पण नणंद आज थट्टा करेना. तापवायची वाफ तेवढीच आहे, तरी साचा हाताला गार लागतोय, असं म्हणाली आणि हात पदराला पुसत राहिली.

तीनशेवी आली. पहिल्याच ओळीला धाप लागली होती. दुसरी ओळ झालीच नाही.

"साडेसातशे म्हणालीस ना...? पन्नास झाल्या. सातशे राहिल्या." श्वास. "तुम्ही एकेक छापता... दर वेळी मलाच गावं लागतं गं."

कानवाली रडणाऱ्यातली नव्हती. ती उठली, प्रेस बंद करायला लावला, साचा उतरवून मांडीवर घेतला. बर्फासारखा गार होता. नोकरी जाणार हे तिला कळत होतं. त्याचं काही नाही. पण हे गाणं पुन्हा कधीच छापलं जाणार नव्हतं, आणि ते ती स्वतःच्या हातानं करणार होती. तिनं कानस उचलली.

"बाई, पुरे झालं. तुम्ही निजा," ती म्हणाली. "बाकीचं मी बघते."

आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साचा खरवडून काढला.

एकदा, फक्त एकदा, पहिलं चांगलं गाणं ऐकावं म्हणून तिनं पन्नासावी लावली. सुई घसरत मधोमध गेली. तबकडी काचेसारखी गुळगुळीत होती, एक रेघ नाही. शंभरावी तशीच. तीनशेच्या तीनशे तशाच.

नणंद दारात येऊन उभी होती, चौकट घट्ट धरून.

"वहिनी, आता थांब ना..."

"काय थांबू?"

असं ती म्हणायला गेली. पण तोंडातून शब्द आले ते गाण्याचे. किती वेळ गात होती, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. आवाज तिचाच होता, जाडाभरडा. सूर मात्र एकही चुकत नव्हता. तिनं तोंडावर हात दाबला. गाणं हाताच्या आतून चालूच राहिलं, शेवटच्या ओळीपर्यंत.

मग ते थांबलं. तिनं हात खाली घेतला, श्वास घेतला.

"सहाशे नव्याण्णव," ती म्हणाली, आणि पहिली ओळ सुरू झाली.